लुइस बेटावरच्या उभ्या शिळा आणि त्यांच्या गोष्टी

स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर येणारे बरेच जण लुइस बेटावरच्या कॅलनिशच्या उभ्या शिळांपाशी तासभर थांबतात, फोटो काढतात आणि शेजारच्या हॅरिसच्या किनाऱ्यांकडे निघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की लुइसला निदान दोन पूर्ण दिवस द्या, आणि इथल्या गेलिक भाषिकांनी या दगडांना दिलेली नावं आणि रचलेल्या गोष्टी आधी वाचून घ्या.

मुख्य भूमीवरच्या अलापूलहून लुइसवरच्या स्टॉर्नोवे गावाला फेरी पावणेतीन तासांत पोचते. गाडी न्यायची असेल तर उन्हाळ्यात बुकिंग खूप आधी करा. स्टॉर्नोवेहून कॅलनिश साधारण पंचवीस किलोमीटर. आम्ही गेलो तेव्हा शिळांपर्यंत जायला तिकीट नव्हतं, वेळेचं बंधन नव्हतं. आम्ही पहाटे गेलो आणि तेच करा असं सांगेन, कारण नंतर टूरच्या बसेस येतात.

मधली शिळा ४.८ मीटर उंच, तिच्याभोवती तेरा शिळांचं कडं, आणि उत्तरेकडून येणारी शिळांची दुहेरी रांग. वय सुमारे पाच हजार वर्षं. दगड मात्र जवळजवळ तीन अब्ज वर्षं जुना, लुइशियन नाइस नावाचा इथला खडक. अगदी जवळ जाऊन बघा: करड्या दगडात पांढरे पट्टे नागमोडी वळलेले, मध्येच काळ्या खनिजाचे गोळे, वरून शेवाळी-पिवळं दगडफूल. या शिळा कमरेच्याही वर पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, गाडल्या गेल्या होत्या. १८५७ साली ते पीट काढल्यावर त्या पूर्ण दिसल्या.

गेलिकमध्ये यांना 'फिर व्रेगे', म्हणजे खोटी माणसं, असंही म्हणतात. ख्रिस्ती व्हायला नकार देणाऱ्या राक्षसांना संत किएरनने दगड करून टाकलं, अशी कथा आहे. मला त्याहून पांढऱ्या गायीची गोष्ट जवळची वाटते. दुष्काळात समुद्रातून एक पांढरी गाय आली. शिळांपाशी या, प्रत्येकीला एक बादली दूध मिळेल, असं तिने सांगितलं. गाव जगलं. मग एक चेटकीण चाळण घेऊन आली आणि दूध काढतच राहिली. चाळण भरेना, गाय आटली आणि कायमची निघून गेली. भुकेची आठवण आणि हावरेपणाचा राग, दोन्ही या गोष्टीत आहेत, म्हणून ती टिकली असावी.

दक्षिणेकडे पाहिलं की डोंगरांची रेघ आडव्या झोपलेल्या बाईसारखी दिसते. तिला 'माळावरची म्हातारी' म्हणतात. दर १८.६ वर्षांनी पूर्ण चंद्र या डोंगरांना जवळजवळ घासत जातो. अलीकडे हे २०२४-२५ मध्ये झालं. दुसरं आणि तिसरं कॅलनिश ही छोटी वर्तुळं चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत, तीही सोडू नका. तिथे बहुधा तुम्ही आणि मेंढ्याच असता.

बेटाच्या उत्तर टोकाच्या नेस भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बॅलन्ट्रुशल गावात 'क्लाख अन त्रूशल' ही शिळा आहे. उंची ५.८ मीटर, स्कॉटलंडमधली सर्वांत उंच उभी शिळा. एका जुन्या पद्यात ती स्वतःच बोलते: वीर फियानांच्या (गेलिक दंतकथांतल्या योद्ध्यांच्या) मागे मी एकटी उरले, काखेपर्यंत जमिनीत रुतले. तिच्या पायथ्याशी उभं राहून हे आठवलं तेव्हा मला भरून आलं. घरांच्या शेजारून वाट जाते, फाटक मागे लावून घ्या.

गाडी नसेल तर पश्चिम किनाऱ्यावरून फिरणारी बस आहे, पण रविवारी नाही. रविवारी बहुतेक दुकानं आणि खानावळीही बंद, म्हणून शाकाहारी मंडळींनी शनिवारीच स्टॉर्नोवेत खरेदी उरकावी. बरेच रस्ते एकाच गाडीपुरते अरुंद, समोरून गाडी आली की 'पासिंग प्लेस'मध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या रुंद जागेत, थांबायचं. वारा झोंबतो, पावसाळी जाकीट हवंच; वारा पडला की मिज नावाच्या बारीक माश्या चावतात, तोंडावर जाळी घ्या.

वेळ असेल तर हॅरिसमधल्या लेव्हरबर्गहून फेरीने बर्नरे बेटावर आणि तिथून भरावावरच्या रस्त्याने नॉर्थ युइस्ट बेटावर जा. लॉखमॅडीजवळच्या टेकडीवर तीन शिळा आहेत, त्याही 'फिर व्रेगे'च: बायकांना सोडून आलेले स्काय बेटाचे तिघे, चेटकिणीने दगड केलेले. तिथली जमीन दलदलीची, पाणी न शिरणारे बूट घाला.