या वयातसुद्धा

काल संध्याकाळपासून एक गोष्ट मनातून जात नाही, आणि ती सांगितली तर कोणालाही क्षुल्लकच वाटेल. मी संगणकावर आमच्या शेताचा उतारा स्वतः काढला आणि घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्याने त्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि रात्रीपर्यंत पुण्याहून, हुबळीहून "मावशी, कमाल केलीस", "काकू, या वयातसुद्धा!" असे निरोप येत राहिले. उताऱ्यात काय होते, हे मात्र एकानेही विचारले नाही.

मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा ते कुठे निघाले आहे हे कोणी विचारत नाही, तसे माझे झाले. माझी उभी नोकरी पतसंस्थेत किर्द-खतावणी लिहिण्यात गेली. तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजांचा ताळा, जुळल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नसे, आणि त्यासाठी कोणी टाळी वाजवल्याचे स्मरत नाही. उलट एक आकडा इकडचा तिकडे झाला तर बोलणी खावी लागत. आता चुकले तरी "असू दे" आणि बरोबर आले तरी "वा!" म्हणजे माझ्याकडून कोणाची काही अपेक्षाच उरलेली नाही, असे वाटत राहिले आणि डोळ्याला डोळा लागला नाही. नेमकी त्याच वेळी ह्यांची आठवण यायची होती. ते असो.

वास्तविक, काम टाळ्यांचे नव्हते, गरजेचे होते. 2000 च्या सुमारास कर्नाटकात 'भूमी' योजना आली, हातांनी लिहिलेले उतारे बंद झाले आणि संगणकावरचे आले, तेही कन्नडमध्ये. आमच्या खानापूर भागात कन्नड बोलता येणारे पुष्कळ, पण वाचताना त्यांतल्या अनेकांची गाडी अडते, म्हणून कागद हाती आला की तो वाचून देणाऱ्याचे दार गाठावे लागते. पडद्यावर जिल्हा, तालुका, होबळी (म्हणजे तालुक्यातला गावांचा गट), गाव असे एकेक निवडायचे, सर्व्हे नंबर घालायचा, पुढच्या रकान्यात नुसती चांदणी (*) असते ती निवडायची आणि मग हिस्सा. क्षेत्र आले तेव्हा 40 गुंठ्यांच्या एकराने मी ते तोंडीच पडताळले, जुळले. नाव अजून ह्यांचेच आहे. त्याविषयी आज लिहीत नाही.

थोरल्याचे म्हणणे होते की आधी भजने लावायला शीक, सोपे असते. भजनांना माझा रेडिओ पुरेसा आहे. ज्याचे काही काम अडले आहे त्या म्हाताऱ्याने संगणक जरूर शिकावा, आणि ज्याचे अडलेले नाही त्याला वेळ जावा म्हणून त्या खुर्चीत बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकवणाऱ्यांनी धीर देण्यापेक्षा दुहेरी चष्म्यासाठी पडदा थोडा खाली घ्यावा, नाहीतर मान वर करून करून ती धरते. आणि माउसचा डबल-क्लिक सेटिंगमध्ये जाऊन सावकाश करून द्यावा.

मला खरा आवडला तो इनस्क्रिप्ट कीबोर्ड. 1986 साली सरकारने प्रमाण ठरवलेल्या या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात, आणि भारतीय लिप्यांसाठी ती एकच आहे: मराठी निवडल्यावर ज्या कळेवर 'क' उमटतो, तिथेच कन्नड निवडल्यावर कन्नडचा 'क' उमटतो. 1956 पासून सीमेचा वाद सोसणाऱ्या आम्हा लोकांना दोन कीबोर्ड पाठ करावे लागत नाहीत, ही फुकटात मिळालेली सवलतच म्हणायची. मी आता त्या कळांवरूनच कन्नड अक्षरे ओळखायला शिकते आहे.

आज दुपारी राग ओसरला. टाळ्या वाजवणाऱ्या धाकट्याला आपल्या शेताचा सर्व्हे नंबरदेखील ठाऊक नाही, हे ध्यानात आल्यावर त्या कौतुकाची किंमत मला नीट लावता आली. शिवाय व्हिडिओचा एक उपयोग झाला. गल्लीतल्या दोघी आपापले सर्व्हे नंबर चिठ्ठीवर लिहून घेऊन आल्या. कौतुक कोणी केले नाही. एकीने तर, नेट जरा रखडले तेवढ्यात, "एवढा उशीर का लागतो हो काकू, मला भात टाकायचाय" म्हणून मला चांगलेच फैलावर घेतले.