कुबड्या, हँड कंट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडी: नागपुरातला माझा अनुभव

लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून उजव्या पायाला मांडीपर्यंत कॅलिपर (पायाला आधार देणारी लोखंडी पट्ट्यांची चौकट) आहे, डाव्या पायात जोर कमी आहे आणि चालायचं म्हणजे दोन्ही काखांत कुबड्या. हे सुरुवातीलाच सांगते, कारण इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात माणसाचे हात मोकळे आहेत असं धरूनच चाललेलं असतं. माझे नसतात. गाडी चालवताना हातच पायांचं काम करतात आणि गाडीतून उतरलं की तेच हात कुबड्यांत अडकतात. त्यामुळे रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती अंतर जाते त्याचा, आकडा मी बाजूला ठेवला आणि एवढंच बघत गेले की ही गाडी माझ्या हातांकडून किती काम मागणार.

आधी साइड व्हील लावलेली स्कूटर होती, मग हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक आणि अॅक्सिलरेटर हाताने चालवायची लिव्हर, बसवलेली पेट्रोलची ऑटोमॅटिक गाडी. प्रतापनगरहून सिव्हिल लाइन्सला ऑफिसला जाताना शंकरनगर चौक, लॉ कॉलेज चौक, प्रत्येक ठिकाणी लिव्हर पुढे ढकलून ब्रेक दाबायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. घरी येईपर्यंत डावा खांदा भरून यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, 'या खांद्यावर तुम्ही चालताही आणि गाडीही थांबवता, याला जपा.' इलेक्ट्रिकचा विचार तिथून सुरू झाला. पेट्रोलचे पैसे वाचतील हे डोक्यात होतंच, पण ते नंतर.

इलेक्ट्रिक गाडीत अॅक्सिलरेटर सोडला की मोटरच जनरेटरसारखी चालते, बॅटरीत थोडी वीज परत जाते आणि गाडीचा वेग उतरतो. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, थोडक्यात रीजन, म्हणतात. पायाने चालवणाऱ्याला ही एक सोय वाटते. हाताने चालवणाऱ्यासाठी तो निम्म्या श्रमांचा हिशोब आहे. रीजन सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं की शहरात लिव्हर नुसती सैल सोडायची, गाडी आपोआप मंदावते, शेवटी थांबण्यापुरता हलका दाब द्यायचा. एक मात्र लक्षात ठेवा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असते तेव्हा परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, त्यामुळे रीजन कमी पडतं आणि पहिल्या काही किलोमीटरांत लिव्हर नेहमीपेक्षा जोरात दाबावी लागते. माहीत नसेल तर पहिल्याच चौकात छातीत धस्स होतं. लांब जायचं नसेल तर मी बॅटरी पूर्ण भरत नाही.

शोरूमचा अनुभव सगळीकडे सारखा नव्हता. एका ठिकाणी विक्रेता सगळी माहिती माझ्या भावाला सांगत होता. मी प्रश्न विचारायचे, उत्तर भावाला मिळायचं. शेवटी त्याने विचारलं, 'सर, ताई मागेच बसतील ना?' भाऊ म्हणाला, 'गाडी ताईच चालवणार आहे आणि पैसेही तीच देणार आहे.' तिथून आम्ही निघालो. माझ्या परिस्थितीतल्या प्रत्येकाला हे कधी ना कधी ऐकावं लागतं आणि मला त्याचा आजही राग येतो. दुसऱ्या शोरूममधल्या मुलीने मात्र मी न सांगताच गाडी उघड्या जागेत आणून लावली, दार पूर्ण उघडलं आणि म्हणाली, 'बसून बघा नं ताई, घाई नका करू.'

बसून बघणं हीच खरी परीक्षा. मी सीटकडे पाठ करून आधी बूड टेकवते, कुबड्या डावीकडच्या सीटवर आडव्या टाकते, डावा पाय आत घेते, मग कॅलिपरचा गुडघ्याजवळचा खटका सोडून उजवा पाय हाताने उचलून आत ठेवते. सीट फार खाली असेल तर उठताना खांद्यांवर सगळा भार येतो, फार उंच असेल तर बूड टेकवताच येत नाही. दार अर्धवट उघडत असेल तर कॅलिपर दाराच्या कडेला अडतो. आणखी एक गोष्ट खास इलेक्ट्रिक गाड्यांची: बॅटरी तळाखाली असल्यामुळे काही गाड्यांत पाय ठेवायची जागा वर येते, गुडघे उंचावतात आणि हँड कंट्रोलची लिव्हर गुडघ्याला घासते. माहितीपत्रकात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

शेवटी टाटा पंच ईव्ही घेतली, ३५ किलोवॅट-अवर बॅटरीची. दारं जवळजवळ नव्वद अंशांत उघडतात, सीट माझ्या कमरेच्या उंचीला येते, हँडब्रेक बटणाचा आहे आणि चार्जिंगचं तोंड गाडीच्या नाकावर आहे. या शेवटच्या गोष्टीसाठीच मी एक जास्त रेंजची गाडी सोडली. तोंड मागच्या चाकाजवळ असेल तर दोन गाड्यांच्या अरुंद फटीतून कुबड्या घेऊन मागे जावं लागतं. नाकावर असेल तर गाडी भिंतीकडे तोंड करून लावायची, दोन पावलांत काम होतं.

हँड कंट्रोल बसवणाऱ्या कारागिराला गाडी बुक करण्याआधीच शोरूममध्ये घेऊन गेले. हे प्रत्येकाने करावं. क्लच नसल्यामुळे किट सोपं असतं, एकच लिव्हर: पुढे ढकलली की ब्रेक, स्वतःकडे ओढली की अॅक्सिलरेटर. ती डाव्या हातात, आणि उजव्या हातासाठी स्टिअरिंगवर फिरती मूठ. पण एक अडचण त्याच्याच लक्षात आली. गाडी सुरू करताना आणि ड्राइव्हमध्ये टाकताना ब्रेक दाबलेला लागतो, आणि ड्राइव्ह निवडायची गोल कळ डाव्या हाताला मधोमध आहे. डावा हात ब्रेकवर असताना ती फिरवणार कोण? तो म्हणाला, 'ताई, लिव्हरला खटका देतो ना. ब्रेक दाबला का तिथंच अडकून राह्यते. मंग हात मोकळा.' त्या खटक्याशिवाय ही गाडी मला चालवताच आली नसती. वॉरंटीची काळजी होती म्हणून वायरिंगला अजिबात हात लावायचा नाही, फक्त पेडलला जोडणारी यांत्रिक रचना हवी, हे आधीच ठरवून घेतलं. पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं किट घेतलं, म्हणजे नोंदणीला प्रश्न येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करण्याची तरतूद आहे, तो बदल आरसीवर नोंदवून घ्यायचा. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' हा पर्याय आहे. डीलर सवयीने 'वैयक्तिक' भरतो, म्हणून अर्ज पाठवण्याआधी स्क्रीनवर स्वतः बघा. राष्ट्रीय महामार्गांवर टोलमाफीचा फास्टॅग मागताना हीच नोंद कामी येते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सोबत ठेवा. जीएसटीच्या सवलतीसाठी मला धावपळ करावी लागली नाही, कारण ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक गाड्यांवर सगळ्यांनाच ५ टक्के जीएसटी आहे.

विम्यात मात्र आपल्या हक्काचे पैसे फार लोक सोडून देतात. अपंग व्यक्तीसाठी बदल केलेल्या गाडीला, आरसीवर तशी नोंद असेल तर, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळू शकते. आयएमटी-१२ हे त्या कलमाचं नाव. एजंटला नाव घेऊन विचारा, नाहीतर तो स्वतःहून बोलत नाही. खासगी इलेक्ट्रिक गाडीला थर्ड पार्टीच्या प्रीमियमवर १५ टक्के सूट आहे ती वेगळी. किटची किंमतही पॉलिसीत लिहून घ्या.

आता घरच्या चार्जिंगचं, कारण खरा कस तिथे लागला. आपल्याकडे पेट्रोल पंपावर मुलगा येतो, टाकी भरतो, आपण खाली उतरत नाही. इलेक्ट्रिकमध्ये ते काम आपल्यावर येतं, म्हणून घरची सोय पक्की नसेल तर आमच्यासारख्यांनी ही गाडी घेऊ नये असं माझं मत आहे. आमच्या स्कीममध्ये, म्हणजे अपार्टमेंटमध्ये, पार्किंग इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये आहे. लिफ्टजवळची जागा शेजारच्या काकांनी त्यांच्या जागेच्या बदल्यात दिली, कोणी हरकत घेतली नाही. कंपनीचा ७.२ किलोवॅटचा चार्जर न घेता मी १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा साधा पोर्टेबल चार्जर ठेवला. तो हळू भरतो, पण माझं रोजचं अंतर रात्रीत सहज भरून निघतं, आणि त्याची केबल बारीक आणि हलकी असते. वेगापेक्षा वजन महत्त्वाचं.

सॉकेट किती उंचीवर लावायचं यावर इलेक्ट्रिशियनशी चांगलीच चर्चा झाली. मला कमरेएवढं हवं होतं. तो म्हणाला, 'येवढ्या खाली काहून लावता ताई? पाणी आलं तं?' त्याचं म्हणणं खरं होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये गाड्या पाण्यात बुडाल्या, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. मग असं केलं: सॉकेट आणि चार्जरचा डबा छातीच्या वर, केबल कायम जोडलेलीच, आणि गन (गाडीत लावायचं केबलचं टोक) अडकवायचा हूक कमरेच्या उंचीला. केबल छताच्या कडीतून खाली सोडली आहे, जमिनीवर लोळत नाही. कुबडीच्या रबराखाली केबल आली तर मी पडणार हे नक्की, म्हणून ती कडी मला चार्जरइतकीच महत्त्वाची वाटते. एका कुबडीवर तोल धरून दुसऱ्या हाताने गन लावते, बॉनेटला टेकून.

अर्थिंग स्वतंत्र घ्या. नागपूरच्या मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि चार्जर लाल दिवा दाखवून बंद होतो. वॉचमन काका उन्हाळाभर त्यात बादलीभर पाणी ओततात, तेव्हापासून तक्रार नाही. महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेतलं, नाहीतर घरातल्या एसीचे आणि गाडीचे युनिट एकत्र होऊन बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं.

उन्हाळ्याचा फायदा मला आधी सुचलाच नव्हता. पंचेचाळीस अंशांत उघड्यावर उभ्या गाडीत शिरणं कोणालाही नको वाटतं, पण दुसरा माणूस झटकन बसतो, दार लावतो. मला बसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कॅलिपरची लोखंडी पट्टी तापून मांडीला चटका देते. पोलिओच्या पायाला चटका बसलेला कळतो, पूर्ण कळतो. आता ऑफिसातून निघायच्या दहा मिनिटं आधी मोबाइलवरून एसी सुरू करते. इंजिनच नाही, त्यामुळे धूर नाही, आणि मी गाडीपाशी पोहोचेपर्यंत सीट बसण्याजोगी झालेली असते. डिसेंबरात हाच पाय गार पडून आखडतो, तेव्हा हीटर असाच आधी लावते. रेंजला फटका बसतो. भर मे महिन्यात एसी लावून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास मिळतात. माझ्या रोजच्या वापराला ते भरपूर आहेत.

लांबच्या प्रवासाला तयारी लागते. समृद्धी महामार्गावर २०२५ मध्ये चारचाकी ईव्हींना टोलमाफी जाहीर झाली आणि नागपूरजवळच्या शिवमडक्याहून चढलं की रस्ता असा सरळ आहे की रीजनलाही फारसं काम नसतं. प्रश्न थांबल्यावर येतो. जलद चार्जरची गन जड असते, केबल मनगटाएवढी जाड. दोन्ही काखांत कुबड्या घेऊन ती खेचता येत नाही. एका ठिकाणी चार्जर फूटभर उंच कट्ट्यावर होता, भोवती लोखंडी खांब, समोर गिट्टी पसरलेली आणि आसपास कोणी नाही. गिट्टीवर कुबडी सरकते. शेवटी रस्त्याच्या पलीकडच्या चहावाल्या दादांना हाक मारली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच चार्जिंगची गन हातात धरली होती, तरी मी सांगत गेले तसं त्यांनी सगळं नीट केलं. त्यांच्या मदतीबद्दल मनापासून आभारी आहे, पण रस्त्यापलीकडे चहावाला असेल या भरवशावर कोणी प्रवासाला निघू नये. पेट्रोल पंपाला जसा माणूस असतो तसा चार्जरला असायला हवा, आणि कट्टा जमिनीच्या पातळीवर. लावतानाच विचार केला तर यात फार खर्च नाही.

सध्या मी अॅपवर चार्जर सापडला की तिथे फोन करते. किती किलोवॅटचा आहे ते अॅप सांगतं. मी विचारते की खाली सिमेंट आहे की गिट्टी, पायरी आहे का, रात्री कोण असतं. हॉटेलच्या आवारातले चार्जर या बाबतीत बरे, वेटर येऊन गन लावून देतो. पुढच्या महिन्यात चंद्रपूरला मावशीकडे जायचंय. वाटेत ज्या ढाब्यावर थांबणार आहे, तिथल्या मॅनेजरने फोनवर विचारलं, 'कट्ट्यापाशी फळी टाकून ठेवू का ताई?' मी म्हटलं फळी नको, ती हलते, कट्ट्याजवळची जागा गाड्यांनी अडवू नका आणि एक माणूस द्या. संध्याकाळी त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेचा फोटो पाठवला.