पुडिंग सगळ्यांनी ढवळलेलं असतं

२३ डिसेंबर, रात्री उशिरा

परत एकदा कोझी मर्डर मिस्ट्रीच घेऊन बसले होते, म्हणजे रक्तपात फारसा न दाखवणारी, छोट्या गावातली उबदार खूनकथा. समुद्राकाठचं गाव, ख्रिसमस, बेकरी चालवणारी बाई आणि जेवणाच्या टेबलावर एक मृत्यू. हा प्रकार मला मनापासून आवडतो, आणि वाचता वाचता आपणच अशी एक गोष्ट रचावी असं जे डोक्यात सुरू झालंय ते आत्ताच लिहून ठेवते, सकाळपर्यंत राहायचं नाही.

सगळं अडकलंय ते ख्रिसमस पुडिंगपाशी. इंग्लंडमधे ते आयत्या वेळी करतच नाहीत, ॲडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या तयारीच्या काळाच्या, आधीच्या रविवारी करतात, त्याला स्टर-अप संडे म्हणतात, म्हणजे चांगलं महिनाभर आधी. मनुका, बेदाणे, चरबी, मसाले, ब्रँडी सगळं एका मोठ्या भांड्यात, आणि घरातला प्रत्येक जण अगदी चिल्लीपिल्लीसुद्धा येऊन एकदा ढवळणार आणि मनात एक इच्छा धरणार, आत एक चांदीचं नाणंही टाकायचं, ज्याच्या वाट्याला येईल तो नशीबवान. मग तासन्‌तास वाफवायचं, मुरत ठेवायचं, ख्रिसमसला परत वाफवायचं आणि वर ब्रँडी ओतून पेटवायची. आता याच्याकडे रहस्यकथेच्या नजरेने बघितलं तर काय कमाल आहे! खुनाच्या दिवशी कोण कुठे होतं हे विचारून काही हाती लागत नाही कारण पदार्थ महिन्यापूर्वीचा, आणि हात सगळ्यांचे लागलेले, त्यामुळे संशयित म्हणजे अख्खं घर.

पण इथेच स्वयंपाक येणारी बाई पोलिसांच्या पुढे जाते. ती म्हणेल, नाणं कुणाला मिळणार हे जसं माहीत नसतं तसंच कुठला तुकडा कुणाच्या ताटात जाणार हेही माहीत नसतं, मग एकाच माणसाला मारायचं असेल तर पुडिंगमधे विष कोण घालेल? शिवाय विष सायनाइडचं धरलं तर हायड्रोजन सायनाइड जेमतेम २६ अंशांना उकळतं, इतके तास वाफवल्यावर ते टिकणार कसं? म्हणजे जे काही झालं ते वाढताना, पुडिंगवर घालायच्या ब्रँडी बटरमधे (लोणी, साखर आणि ब्रँडी फेटून केलेलं) किंवा शेजारच्या केकच्या तुकड्यात. आणि ख्रिसमस केक म्हटलं की मार्झिपॅनचा थर आला, तो बदामाचाच, सायनाइडचा कडू बदामासारखा वास त्यात सहज लपतो, आणि मुळात तो वास काही लोकांना जन्मतःच येत नाही. असा उलगडा मला बोटांच्या ठशांपेक्षा शंभरपट जास्त आवडतो कारण तो ओट्यापाशी उभं राहून कमावलेल्या ज्ञानातून येतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ मधे रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते, त्यात तोवर कुणाला माहीतच नसलेलं विष वापरायचं नाही असा एक नियम आहे, तो मला एकदम पटतो, वाचणाऱ्यालाही ओळखायची संधी मिळाली पाहिजे ना.

समुद्रकाठ नुसता देखाव्यापुरता असला की मला राग येतो. डिसेंबरमधे पर्यटक गेलेले असतात, हॉटेलं बंद, साडेचारच्या आत अंधार, उरतात ती एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं. आणि भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे "मी नेहमीसारखा सहा वाजता वाळूवरून चालत आलो" असं म्हणणारा माणूस भरतीच्या तक्त्यावरून सरळ पकडला जातो. समुद्र असा गोष्टीत कामाला लागायला हवा.

पण मला खरं म्हणायचंय ते वेगळंच आहे. या पुस्तकांत बळी बहुतेक वेळा गावाला नकोसा झालेला एखादा कजाग माणूस असतो, तो मेला की दोन पानांत सगळे परत कुकीज खायला मोकळे. मला ते नाही चालत. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधे माउझल नावाचं मासेमारांचं गाव आहे, आज २३ डिसेंबरला तिथे टॉम बॉकॉकची रात्र असते, भर वादळात मासे आणून त्याने गावाची उपासमार टाळली अशी दंतकथा आहे, त्याच्या आठवणीत स्टारगेझी पाय नावाचा, वरून पिठाचं आवरण घालून भाजलेला माशांचा पदार्थ करतात, माशांची डोकी त्या आवरणातून आभाळाकडे बघत असतात. ख्रिसमसला बंदरभर दिवे लागतात. आणि त्याच गावातली लाइफबोट १९ डिसेंबर १९८१ ला वादळात सापडलेल्या जहाजावरच्या लोकांना वाचवायला गेली आणि बोटीवरच्या आठही स्वयंसेवकांचा जीव गेला, तेव्हापासून दरवर्षी १९ तारखेला तासभर ते दिवे मंद करतात आणि मग परत लावतात. सण बंद नाही केला आणि माणसंही नाही विसरली. कोझी या शब्दाकडून मला नेमकं हेच हवंय, मृत्यू हलका करून मिळालेली ऊब नको, तो नीट सोसून परत एका टेबलावर बसणाऱ्या माणसांची हवी.

म्हणून माझ्या गोष्टीत बळी ती बाई असेल जी दरवर्षी गावातल्या एकट्या राहणाऱ्या सगळ्यांसाठी पुडिंग करते. ती गेल्यावर गावाला धक्का बसला पाहिजे, दर दुसऱ्या प्रकरणात कुणीतरी तिच्यासाठी रडलं पाहिजे, आणि अशा पुस्तकांच्या शेवटी जी रेसिपी छापतात ती तिची असावी, तिच्या खाडाखोडीसकट. खुनी बाहेरचा नको, त्या रविवारी ज्यांनी ढवळलं त्यांच्यातलाच हवा. कारण मात्र इस्टेटीचं नको, ते फार झालंय. आत साठून राहिलेलं जुनं दुःख हवं, गावात सगळ्यांना माहीत असलेलं पण कुणी कधी विचारलेलंच नाही असं. ते दुःख कसलं हे अजून सापडलेलं नाही, उद्या परत बसते.