पाठदुखीची प्रार्थना

पांगसांगची खिंड उतरून आलो तोवर माझ्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला होता. खिंड सुमारे 3,800 मीटरवर. चढताना दम लागतो हे सगळे सांगतात, उतरताना गुडघे जातात हे कुणी सांगत नाही. चर्चतर्फे गावोगाव आजाऱ्यांना तपासायला निघालेले आम्ही नऊ जण होतो: दोन पाळक म्हणजे धर्मगुरू, एक दंतवैद्य, मी नर्स आणि मंडळीतली पाच तरुण मुलं. ऑक्टोबर 2024, दसईं, म्हणजे तिकडचा दसरा, नुकता सरला होता. नेपाळच्या धादिंग जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा कोपरा तामांग लोकांचा. वर गणेश हिमाल, खाली उतारावर कोदो, म्हणजे आपली नाचणी, आणि प्रत्येक गावात निदान एक तरी चर्च.

निघण्यापूर्वी आम्हाला बजावून सांगितलं होतं की पत्रकं न्यायची नाहीत आणि तपासणीच्या जागी उपदेश करायचा नाही. नेपाळच्या 2015 च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करवायला मनाई आहे. 2018 मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाची शिक्षा संपली की देशाबाहेर रवानगी. मुलांना हे जाचक वाटत होतं. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. ताप आलेल्या माणसाला गोळी देताना सोबत दुसरं काही द्यायचं नाही, एवढं साधं ते.

शनिवार उजाडला. तिकडे सुट्टी शनिवारी, त्यामुळे उपासनाही शनिवारीच. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपाचा दिवसही शनिवारच होता, दुपारी बाराच्या जरा आधीची वेळ, लोक प्रार्थनेला जमलेले. या गावातलं जुनं दगडी चर्च तेव्हाच गेलं. आता पत्र्याचं आहे. पायताण बाहेर काढून सतरंजीवर बसायचं, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. मादल, तिकडची ढोलकी, घुमायला लागला की गुडघासुद्धा विसरायला होतं.

शेवटी आजाऱ्यांसाठी प्रार्थना. एक बाई पुढे आली. चाळिशीची असेल, दिसायला पन्नाशीची. तिथल्या पाळकांनी सांगितलं, हिची पाठ दुखते, फार वर्षं झाली, आम्ही दर महिन्याला प्रार्थना करतो. आम्हीही हात ठेवले, मीही ठेवला. आणि मनात म्हटलं, दुपारी पेनकिलर देऊ. डोको, म्हणजे पाठीवरची मोठी टोपली, वाहणाऱ्या बाईची पाठ दुखणारच! कपाळावर नाम्लोचा पट्टा, पाठीवर तीस-चाळीस किलो, आणि वाट म्हणजे नुसत्या पायऱ्या.

दुपारी चर्चमागच्या खोलीत तपासणी सुरू झाली. ती बोलायची तामांगमध्ये, पाळकांचा मुलगा त्याचं नेपाळी करायचा, आमचा वाटाड्या त्याचं हिंदी. इतक्या गाळण्यांतून माझ्यापर्यंत पोहोचायचं ते एकच: पाठ दुखते. मी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलंसुद्धा. तेवढ्यात ती उठून उभी राहिली. पाय थोडे फाकवून, एक हात ओटीपोटाखाली घट्ट दाबून. पाठ धरणारी माणसं अशी उठत नाहीत.

मी दोघाही पुरुषांना बाहेर जायला सांगितलं. दारात दहावीतली एक मुलगी रेंगाळत होती, तिला आत घेतलं आणि दाराला माझी शाल लावली. मुलीने विचारलं. बाई बराच वेळ गप्प. मग खाली बघून दोन-चार शब्द. मुलगी लाल झाली आणि नेपाळीत पुटपुटली, "आङ खसेको छ रे."

याला हिंदीची गरज नव्हती. आपल्याकडे खेड्यातल्या बायका म्हणतात, अंग बाहेर येतंय. तोच शब्द. गर्भाशय खाली उतरलं होतं.

कधीपासून? धाकट्याच्या वेळेपासून. धाकटा कधीचा? मुलीने माझ्या वहीत लिहिलं, 2070. क्षणभर मी चक्रावले, मग विक्रम संवत आठवला. त्यातून सत्तावन्न वजा केले, 2013. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी तिने डोको उचलला होता. अकरा वर्षं ती हे हाताने आत सारून शेतावर जात होती, आणि मंडळी तिच्या पाठीसाठी प्रार्थना करत होती. बिचाऱ्यांना दोष कसा देणार? तिने पाठ सांगितली, कारण विचारणारे सगळे पुरुष होते.

जखम नव्हती, आत सारलं की सहज जात होतं. अशा वेळी गर्भाशयाला आतून आधार देणारी रिंग बसवता येते, सिलिकॉनचं कडं. माझ्या पिशवीत अशा सहा होत्या. बसवायला दहा मिनिटं लागतात. पण ती दर तीनेक महिन्यांनी काढून, धुऊन, आतून तपासून परत घालावी लागते. विसरलं तर आत रुतते, जखम होते. आम्ही उद्या सेर्तुंगला जाणार आणि आठवड्याने आपापल्या घरी. मग ही रिंग काढणार कोण?

मी बसवली नाही. रात्री यावरून आमच्या पाळकांशी माझं वाजलं. एका बाईसाठी सगळं पथक एक दिवस थांबवायचं का, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी पथक पुढे गेलं आणि मी, बाई, ती मुलगी आरोग्य चौकीवर निघालो. रविवार तिथे तेव्हा कामाचा दिवस होता. दोन तास नुसती उतरण, मधे एक झुलता पूल. बाई माझ्या पुढेच होती.

चौकीवर बाहेरच्या टेबलाशी पुरुष कर्मचारी बसलेला. बाई तिथेच थबकली. अकरा वर्षांत दोनदा ती इथवर येऊन परत गेली होती, हे मला तेव्हा कळलं. आतून अनमी दिदी, म्हणजे चौकीवरची नर्स-सुईण, आली, पंचविशीची तामांग मुलगी. तिने खण उघडला. त्यात रिंगा होत्या. वेगवेगळ्या मापांच्या, ओळीने लावलेल्या.

मी नुसती बॅटरी धरली. तिने बाईला खोकायला लावलं, उकिडवं बसवलं, लघवीला पाठवलं, मग अंगणात चालायला सांगितलं. बाई भिंतीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिचे दोन्ही हात मोकळे होते, आणि त्यांचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं. जड उचलू नका, असं सांगायचं असतं. अनमीने सांगितलं. तिघीही हसल्या.

कार्डावर पुढची तारीख पडली, 2081 माघ. मी माझ्या सहा रिंगा टेबलावर ठेवल्या. अनमीने उलटून माप पाहिलं, रजिस्टरात नोंद केली आणि हिंदीत म्हणाली, "दिदी, पैंसठवाली बहुत है. फिर आओगे तो सत्तर से ऊपर का लाना."