गुरुवारचा बाजार

शुक्रवार, जुलै. डार्विन, ऑस्ट्रेलिया.

काल आईला मिंडिल बीचच्या बाजाराला नेलं. हा बाजार एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंतच भरतो, तोही फक्त गुरुवारी आणि रविवारी. रविवारी ती विमानात असणार, म्हणजे कालचाच दिवस उरला होता. गाडी लावता लावता ती म्हणाली, "आज गुरुवार गो! माझा दत्ताचा वार."

माझ्या डोक्यातच आलं नाही. वेंगुर्ल्याची बाई, आठवड्याचे सहा दिवस मासे मागणारी, आणि मी तिला नेमकी गुरुवारी खाण्याच्या जत्रेत आणलेली!

आषाढ असून आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. याचं तिला पहिल्या दिवसापासून नवल. जुलै म्हणजे इथला कोरडा हंगाम. माडांखाली ओळीनं गाडे, निखाऱ्यांवर साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मांस, त्याचा धूर सरळ आमच्या अंगावर. थाई, इंडोनेशियन, श्रीलंकन, तिमोरी. इथून पूर्व तिमोरची राजधानी दिली सातशेएक किलोमीटर आणि आपल्याच देशातलं अ‍ॅडलेड अडीच हजारांवर, मग जेवणाचा वास आशियाचाच येणार. एका पाटीवर मगरीचं मांस होतं. "सुसर खातत?" एवढं म्हणून आईनं पदर नाकाला लावला, पण मान वळवून दोनदा पाहिलं.

लाक्साच्या गाड्यापाशी मात्र ती थांबली ती थांबलीच. तांदळाच्या शेवया, नारळाचं दूध, वर कोळंबी. "ही तर शिरवाळी! आपण रसात गूळ घालतो, ह्यांनी सुंगटं घातली." पातेल्यात वाकून बघणाऱ्या आईला गाडेवाल्या बाईनं चमचाभर रस्सा पुढे केला. आईनं हात जोडले. एवढ्या दुःखानं केलेला नमस्कार मी पाहिला नव्हता.

शेवटी तिच्यासाठी कच्च्या पपईचं सॅलड घेतलं, माशाचा सॉस आणि सुका जवळा वगळून. उखळात पपई कुटताना बघून म्हणाली, "पपईवर कसला राग?" पण संपवलं.

साडेसहाच्या सुमारास सगळी गर्दी ताटल्या घेऊन वाळूवर. सूर्य पाण्यात गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, आमची लेक सगळ्यांत जोरात. आईला ते अजिबात पटलं नाही. "दिवेलागणीला कसल्या टाळ्या?" तिनं शुभंकरोति सुरू केलं. लेकीचे हात टाळीतून जोडले गेले खरे, पण ओठांना साते चिकटलेलं. वेंगुर्ल्याचं घड्याळ आमच्या चार तास मागे. तिकडे बाबा दुपारची झोप काढत असतील, बाहेर पाऊस, आणि मासेमारीच्या बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या.

निघताना नवऱ्यानं गुपचूप एक लाक्सा बांधून घेतला. रात्री बाराला तो म्हणाला, "आई, लागला शुक्रवार."

"वार काय घड्याळावर बदलतो? सूर्य उगवूदे."

आज सव्वासातला नारळाच्या वासानं जाग आली. आंघोळ करून, कुंकू लावून आई ओट्याशी उभी, गॅसवर लाक्सा. वेंगुर्ल्यात तेव्हा रात्रीचे सव्वातीन. म्हणजे तिच्याच हिशोबानं तिकडे अजून गुरुवार.

मी काही बोलले नाही. दोन वाट्या काढल्या.