दर जूनला येणारा ‘अचानक’ खर्च

आमच्या घरात जून महिना दरवर्षी धाड पडल्यासारखा यायचा. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, युनिफॉर्म, दोघांचे रेनकोट, महापालिकेचा मिळकत कर. नवरा दरवर्षी तेच म्हणायचा, "या महिन्यात जरा अचानक निघालं सगळं." मीही मान डोलवायचे. शाळा दर जूनला सुरू होते हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण आमच्या हिशोबात जून नेहमी पाहुण्यासारखाच टपकायचा.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत नवरा सुपरवायझर आहे, हातात ५२,००० येतात. मी घरी शिकवण्या घेते, त्याचे साधारण १४,०००. घराचा हप्ता १७,८००. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. दारू नाही, जुगार नाही, महिन्यातून एकदा बाहेर जेवण. तरी वीस तारखेनंतर खात्यात खडखडाट.

२०२४ च्या जूनमध्ये ओव्हरटाइम बंद झाला होता. ४०,७०० रुपयांचा जून आम्ही क्रेडिट कार्डावर ढकलला आणि त्यानंतर दर महिन्याला बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरत राहिलो. किमान भरली की झालं, असा माझा खरोखरच समज होता. सप्टेंबरचं बिल मी पहिल्यांदा नीट वाचलं. भरलेले २,८००. व्याज १,९२५, त्यावर १८ टक्के जीएसटी ३४६ रुपये ५० पैसे. म्हणजे मूळ रकमेतून गेले जेमतेम सव्वापाचशे. महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला ४२. शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू. आणि आम्ही किराणा त्याच कार्डावर भरत होतो! ‘पॉइंट मिळतात’ म्हणून. डाळ-तांदळाला व्याज देणारं घर म्हणजे आमचं. बाकी ६१,००० वर गेली होती.

याहून मोठा शहाणपणा पुढेच आहे. त्याच वेळी पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला २,००० रुपये भरायची ठेव, चालू होती, ६.७ टक्क्यांची. इकडे ४२ टक्के द्यायचे, तिकडे ६.७ घ्यायचे आणि रात्री ‘आपण बचत करतो’ म्हणून शांत झोपायचं. आरडी मोडायला गेले तर तीन वर्षांआधी मोडता येत नाही असं कळलं. पण खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की बारा हप्ते झाले असतील तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, व्याज आरडीच्या दराहून दोन टक्के जास्त. आमचे वीस हप्ते झाले होते. २०,००० तिथून उचलले, उरलेले नवऱ्याच्या कंपनीतल्या कामगार पतसंस्थेतून ११ टक्क्यांनी. पतसंस्थेत अर्ज द्यायला नवऱ्याला फार जड गेलं, कारण कमिटीवर त्याच्याच लाइनवरचे दोघं बसतात. पण कार्ड एका दिवसात शून्यावर आलं. मी ते कापलं नाही, कपाटात टाकलं. कापल्याचे फोटो लोक काढतात ते मला नाटकी वाटतं.

मग सुरू झालं वही प्रकरण. रोज रात्री एकेक रुपया लिहायचा. पहिला आठवडा मी अक्षर काढून लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात ‘इतर – ४७०’ अशी नोंद आली. तिसऱ्या आठवड्यात ‘इतर’ हाच घरातला सर्वांत मोठा खर्च होता. नवरा दिवसभर कुठे कुठे क्यूआर स्कॅन करायचा: चहा, हवा, पंक्चर. रात्री त्याला आठवायचं नाही आणि मी विचारलं की चौकशी आयोग बसल्यासारखं तोंड करायचा. सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी निकाल लावला. "आगं, भाजीचा हिशोब मागतीस व्हय मला? साठ वर्सं मंडईत जातीय मी." वही बंद पडली. खरं सांगायचं तर वहीने एक पैसाही वाचवला नव्हता, नुसती भांडणं वाढवली होती.

दसऱ्याच्या सुट्टीत एका दुपारी मी दुसरंच करून पाहिलं. बँकेचं आख्ख्या वर्षाचं स्टेटमेंट छापून आणलं, सतरा पानं. मुलीची लाल पेन्सिल घेतली आणि ज्या ज्या खर्चाला आम्ही ‘अचानक’ म्हटलं होतं त्याखाली रेघ मारत गेले. पानं उलटताना अंगावर काटा आला. दुचाकीचा विमा: मागच्या वर्षी १४ फेब्रुवारी, त्याच्या आधीच्या वर्षीही फेब्रुवारीच. गावची जत्रा चैत्रात. दिवाळी दिवाळीलाच. त्या पानांवर अचानक असं काही नव्हतंच, फ्रिजची दुरुस्ती सोडली तर.

यादी केली. मुलांची फी ४६,०००. पुस्तकं, युनिफॉर्म, रेनकोट ११,५००. आरोग्य आणि टर्म विमा २७,०००. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,८००. मिळकत कर ६,२००. दिवाळी १५,०००. गावाकडची जत्रा, एसटीचं जाणं-येणं, देवाचं ९,०००. लग्नांचे आहेर ८,०००. सालाचा गहू, तांदूळ, डाळी, तिखट-मसाला १४,५००. दुरुस्त्या ५,०००. बेरीज १,४८,०००. भागिले बारा, १२,३३३.

तो आकडा मी नवऱ्याला दाखवला तेव्हा तो बराच वेळ कॅल्क्युलेटरवर पुन्हा पुन्हा करून बघत होता. आम्ही ६६,००० चं घर चालवतोय असं समजत होतो. घराचा हप्ता आणि हे १२,३३३ काढले की उरत होते ३५,८६७. त्यातून आरडी आणि पतसंस्थेचा साडेतीन हजारांचा हप्ता. म्हणजे दूध, किराणा, गॅस, वीज, पेट्रोल, व्हॅन, मेंटेनन्स, औषधं हे सगळं तीस हजारांत. उधळपट्टी कुठेच नव्हती, नुसतं भागाकार करायचं राहिलं होतं.

उपाय सोपा वाटतो: वेगळं बचत खातं उघडायचं, पगार सात तारखेला होतो तर आठ तारखेला १२,४०० आपोआप तिकडे वळवायचे. मी तसंच केलं. त्या खात्याला यूपीआय जोडलं नाही, डेबिट कार्ड माहेरच्या ट्रंकेत ठेवून आले. पण यात एक मेख आहे जी कुणी सांगत नाही. ते खातं रिकामं असतानाच पहिला खर्च दारात उभा राहतो. ऑक्टोबर संपता संपता दिवाळी, नोव्हेंबरमध्ये फीचा दुसरा हप्ता. बारा महिने साठवून मग खर्च करायचं गणित पहिल्या वर्षी लागूच होत नाही. शेवटी दिवाळीचा बोनस, २२,०००, सगळा तिकडे टाकला. नवऱ्याला मोबाइल घ्यायचा होता. तो दोन दिवस बोलला नाही. त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. वर्षभर राबून एक वस्तू मागितली होती त्याने.

तरी पहिले तीन महिने १२,४०० निघालेच नाहीत. सहा, सात, एकदा नऊ हजार. तेव्हा बारीकसारीक गोष्टींकडे वळलो. हिवाळ्यात आमचं वीजबिल ३०० युनिटच्या वर जायचं आणि महावितरणचा वरच्या टप्प्याचा दर झोंबतो. आमचा गीझर २,००० वॅटचा, अर्धा तास चालला की एक युनिट. आता आंघोळी पाठोपाठ उरकतात, गीझर एकदाच. सासूबाईंची बीपीची गोळी डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून आणू लागलो. "स्वस्तातल्या गोळीनं गुण येईल का?" ही शंका महिनाभर होती, मग बीपी मोजल्यावर मिटली. आणि भाजीसाठी दर सोमवारी सासूबाईंच्या हातात १,२०० रोख. हिशोब विचारायचा नाही. रविवारी त्यांच्या बटव्यात किती उरले ते त्यांनाच दिसतं. आम्ही दोघं स्कॅन करून भाजी आणायचो तेव्हा आठवड्याला सोळाशे जायचे.

एक फसलेली गोष्टही सांगते. घाऊक स्वस्त पडतो म्हणून मी जानेवारीतच ५० किलो तांदूळ घेऊन ठेवला. बोरिक पावडर लावायची राहिली. मार्चमध्ये पोतं उघडलं तर पोरकिड्यांची वारी निघालेली. गच्चीवर चादरीवर तांदूळ पसरून मी आणि सासूबाई दोन दुपारी निवडत बसलो. त्या तोंडाने काही बोलल्या नाहीत, नुसतं सूप माझ्याकडे सरकवत राहिल्या. एप्रिलचा गहू त्यांनी स्वतः भरला. दोन उन्हं दिली, एरंडेल चोळलं, कोठीच्या तळाशी आणि वर कडुलिंबाचा पाला. मला फक्त पाला आणायला पाठवलं.

यंदाच्या जूनमध्ये फी, पुस्तकं, रेनकोट सगळं त्या खात्यातून गेलं. मिळकत कर ३० तारखेच्या आत एकरकमी भरला, सवलतही मिळाली. खात्यात उरले १,१४०. फार नाहीत, पण कार्ड कपाटातून बाहेर आलं नाही. मोबाइलसाठी यादीत आता एक नवा रकाना आहे, महिन्याला ८००. नवऱ्याने तो स्वतःच्या अक्षरात लिहिलाय.

काल गावाहून फोन आला, चुलत पुतणीचं लग्न मार्गशीर्षात धरलंय. सासूबाईंनी फोनवर हात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडल्या, "आगं, आहेराच्या रकान्यात किती हायती?"