टक्का कागदातूनच निघायचा

बाबांनी 1979 मध्ये डिलाईल रोडला पोटमाळ्याखालच्या जागेत छपाईचं ट्रेडल मशीन टाकलं. त्याआधी बारा वर्षं ते गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. आमची सुरुवातीची कामं म्हणजे लग्नपत्रिका, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं आणि युनियनची पत्रकं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले काही महिने पत्रकांचं काम वाढलं, मग गिरणगावात लग्नपत्रिका छापायलाही कुणाकडे पैसे उरले नाहीत. तेव्हा ओळखीचा एक वॉर्डबॉय बाबांना एका सरकारी रुग्णालयाच्या भांडारात घेऊन गेला, आणि केसपेपरचं पहिलं काम मिळालं. पुढे पंचवीसेक वर्षं आमच्या घरची चूल त्यावरच पेटली. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेची पाकिटं, भांडाराच्या नोंदवह्या.

1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशीच्या बातम्या बाबा जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबवून मोठ्याने वाचायचे. मी शाळेत होते, मला अर्धं कळायचं. निविदा कुणाला मिळाली, तपासणी कुणी केली, सही कुणाची, असले शब्द कानावर पडत. आयोगाचा अहवाल आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना खुर्ची सोडावी लागली. बाबा म्हणाले होते, "माणसं वॉर्डात गेली, पण गडबड फाइलीत झाली होती."

हेच बाबा दर दिवाळीला भांडारात पाकीट पोचवत, हे मला धंद्यात आल्यावर कळलं.

मी 2006 मध्ये हिशेब हातात घेतला तेव्हा पाकिटाची टक्केवारी झाली होती. बारा टक्के. ते दिले नाहीत तर बिल निघत नाही, एवढं सरळ. आता कमीत कमी दराची निविदा भरून मिळवलेल्या कामात बारा टक्के आणायचे कुठून? ते कागदातून निघायचे. निविदेत 70 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम भरणारा, मॅपलिथो कागद लिहिलेला असे, आम्ही 60 चा द्यायचो. सातातला एक भाग कागद वाचला, म्हणजे चौदा टक्क्यांच्या आसपास. बारा त्यांचे आणि उरलेले आमच्या मनाच्या समाधानाला. हा हिशेब मी स्वतः कॅल्क्युलेटरवर केला आहे. भांडारात कागदाचं वजन कुणी करत नव्हतं, कारण न करण्याचेच पैसे आम्ही भरत होतो.

एकदा माझी मावशी ओपीडीतून आली आणि तिने केसपेपर माझ्यापुढे धरला. "बघ गं, किती गोळ्या लिहिल्यात? डोळ्याला लागत नाही." डॉक्टरांच्या पेनाची शाई पाठीमागे उतरली होती आणि मागचं लिखाण पुढे. एक की दोन, मलाही वाचता येईना. कागद आमचाच होता.

त्यानंतरही आम्ही सहा महिने पुरवठा केला, हेही लिहायला हवं. 2008 मध्ये सोडला. शेवटचं बिल चौदा महिन्यांनी निघालं, सुरक्षा ठेव आजतागायत आलेली नाही. उलाढाल निम्म्यावर आली. भावाने मग औषधांच्या खोक्यात घालतात ती घडीची माहितीपत्रकं धरली. पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं आणि एका शब्दाची चूक झाली तरी सगळा माल परत. त्या कामाने आम्हाला पुन्हा उभं केलं. लोअर परळचा गाळा त्यातूनच झाला.

2016 मध्ये एक मुलगी गाळ्यावर आली. कुठल्याच वृत्तपत्रात नोकरीला नव्हती, बातमीमागे पैसे मिळत. तिच्याकडे केसपेपरचा एक गठ्ठा होता. माहिती अधिकार कायद्यात कागदपत्रांच्या प्रतींबरोबर मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिने तो मागून आणला होता. ए-फोर आकाराचे 70 जीएसएमचे शंभर कागद 437 ग्रॅम भरायला हवेत. आमच्या काट्यावर 371 भरले.

"ताई, तुम्हीही असंच द्यायचात का?" तिने विचारलं.

"हो."

तिने वहीत लिहून घेतलं. चहा आला, तोही प्यायली. मी म्हटलं, या कामाला पैसे लागत असतील तर सांग. ती म्हणाली, या बातमीला तुमचे पैसे चालणार नाहीत. आज पुरवठा करणारा तुमचा जुना स्पर्धक आहे. तुम्ही माहिती तरी द्या नाहीतर पैसे तरी. मी माहिती दिली.

अशा शोधबातम्या करणाऱ्या वार्ताहरांना पैसे द्यायला आम्ही सुरुवात केली ती पुढच्या वर्षी, दुसऱ्या विषयांसाठी. पाच कोटी नफ्यावाल्या कंपन्यांना लागू होणारा सीएसआरचा, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकामाला देण्याचा, नियम आमच्या वाटेला कशाला जाईल! आमचे सीए म्हणाले, "मॅडम, हा धंद्याचा खर्च दाखवता येणार नाही. करच भरायचा आणि भागीदारांच्या उचलीतून द्यायचे." तसेच देतो. शाळेतली एक मैत्रीण, आता अमेरिकेची नागरिक, भर घालायला तयार होती. सीएंनी हात जोडले. वृत्तपत्र चालवणाऱ्यांना आणि वार्ताहरांना परदेशी देणगी घ्यायला कायद्याने बंदी आहे.

लोकांना वाटतं शोधपत्रकारिता म्हणजे छुपा कॅमेरा. आमचे पैसे कुठे गेले ते सांगते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि प्रतीला पानामागे दोन रुपये. हे स्वस्त आहे. महाग आहे ते थांबणं. उत्तराला तीस दिवस, मग पहिलं अपील, मग माहिती आयोगाकडे दुसरं अपील आणि तिथली रांग. शिवाय महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि शब्दमर्यादा दीडशे, म्हणून एका खरेदीसाठी सात-आठ अर्ज होतात. तेवढे महिने त्या माणसाने जगायचं कशावर? आम्ही प्रामुख्याने घरभाडं आणि एसटीची तिकिटं भरली. त्याखालोखाल वकील. छापण्याआधी ओळ न् ओळ वाचून बदनामीचा दावा कुठे होऊ शकतो ते सांगणारा.

औषधांच्या विषयात एक गंमत कळली. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या कलम 26 प्रमाणे कोणीही सामान्य माणूस फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकतो. अट एकच, ते त्याने विकत घेतलेलं असावं. सरकारी रुग्णालयातली गोळी तर फुकट मिळते. पावतीच नाही! ज्यांच्यासाठी तपासणी हवी त्यांच्याच हातून ती निसटते. आमच्या वार्ताहराचे दोन महिने एवढं समजण्यात गेले.

एका वर्षी सगळेच पैसे बुडाले. एक जण आठ महिने एका जिल्ह्यातल्या उपकरण खरेदीमागे होता. शेवटी लक्षात आलं की दर जास्त दिसत होता, कारण त्यात पाच वर्षांची देखभाल धरलेली होती. खरेदीत काही वावगं नव्हतं. भाऊ चिडला, "मग काहीतरी छापा तरी!" मी त्याला म्हटलं, छापायला लावलं तर आपण पुन्हा 60 चा कागद 70 म्हणून दिल्यासारखं होईल. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

बातमी छापून येईपर्यंत आम्ही वाचत नाही, विषय आम्ही सुचवत नाही, आणि कागद-छपाईचं काहीही असेल तर पैसे देत नाही. एवढं एका पानावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करतो. माहितीपत्रकांचं काम देणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मध्यंतरी न सांगता ऑर्डर बंद केली. कारण विचारलं नाही, अंदाज होता. यंदा मशीनचे रोलर बदलले, म्हणून रक्कमही कमी आहे.

पहिली मोठी बातमी एका साप्ताहिकात आली तेव्हा संपादकांनी खाली दोन ओळी टाकायच्याच म्हणून सांगितलं होतं. खर्च कुणी उचलला, आणि त्या छापखान्याने 2006 ते 2008 मध्ये सरकारी रुग्णालयाला कमी वजनाचा कागद पुरवला होता. वर्षं मीच कळवली होती. बाबा तेव्हा ऐंशीचे होते. भिंग लावून त्यांनी बातमी वाचली, मग त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मला वाटलं, आता रागावणार.

"साल चुकलंय," ते म्हणाले. "तू यायच्या आधीची दोन वर्षं धर. 2004 पासून."

पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली.